पाव आटा

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या काकांनी विचारलं, "आपण नेमकं काय करता?"

"पाणी तपासतो," मी म्हणालो.

"अरे वा! नगरपालिकेत?" काका सरसावून बसले. त्यांच्या घराला अर्ध्या इंचाचं दुसरं कनेक्शन हवं होतं, हे मला पुढं कळलं.

"नाही, कंपनीत. यंत्रं थंड ठेवणारं पाणी."

काका पुन्हा खुर्चीला टेकले. खोलीत पोह्यांच्या चमच्यांचाच काय तो आवाज राहिला. मग आतल्या दारातून आत्याबाईंनी शंका काढली, "अगंबाई, यंत्रांनाही पाणी लागतं?"

"लागतं की. माणसांपेक्षा लवकर लागतं. आणि एकदा लागलं की अंगावर खपल्या धरतात, नाहीतर अंग झिजायला लागतं."

सगळे हसले. मुलगा विनोदी आहे असा त्यांचा समज झाला आणि लग्न जमलं. मी खरं तर निव्वळ माहिती दिली होती.

रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात युटिलिटी खात्यात मी केमिस्ट आहे. युटिलिटी म्हणजे कारखान्याची मोरी आणि चूल. तिच्यावाचून एक दिवस निघत नाही, पण पाहुण्यांना तिकडं कोणी नेत नाही. माझ्या पहिल्याच दिवशी आमचे ऑपरेटर मामा कूलिंग टॉवरखाली उभे राहून पलीकडच्या पोराला ओरडत होते, "अरे, पाव आटा खोल! पाव आटा!" बी.एस्सी.ला केमिस्ट्रीत पहिला वर्ग मिळवलेल्या मला वाटलं, कॅन्टीनचा माल आला असावा. मी गोणी कुठं दिसते का पाहू लागलो. आटा म्हणजे व्हॉल्व्हच्या चाकाचा एक फेरा, आणि पाव आटा म्हणजे त्याचा चौथा हिस्सा, हे ज्ञान विद्यापीठानं मला दिलं नव्हतं. ते मामांनी दिलं. त्या पाव आट्याभोवतीच माझी पुढची सगळी नोकरी फिरणार आहे, हे मात्र त्या दिवशी मामांनाही माहीत नव्हतं.

आता कूलिंग टॉवर म्हणजे काय ते सांगतो. कूलिंग टॉवर म्हणजे माठ. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाऱ्यावर उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. माठ हे काम ओट्याच्या कोपऱ्यात बसून, कुणाला न सांगता करतो. टॉवर तेच काम पंखा लावून, आरडाओरडा करत करतो. यंत्रांमधून तापून आलेलं पाणी वरून फवाऱ्यांनी सोडायचं, मध्ये प्लॅस्टिकच्या चुणीदार पत्र्यांवर पसरू द्यायचं आणि डोक्यावरच्या पंख्यानं खालून वारा ओढायचा. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी सोबत नेतं. म्हणजे शंभरातलं एक लिटर उडालं की मागचं पाणी सहाएक अंशांनी निवतं. घरातला एक जण तणतणत निघून गेला की बाकीचे कसे एकदम शांत होतात, तसं.

आमच्या टॉवरमधून तासाला ५०० घनमीटर पाणी फिरतं. त्यातलं पाच घनमीटर दर तासाला आकाशात जातं. दिवसाचे झाले १२० घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे बारा टँकर रोज ढगात. थंडीच्या सकाळी ही वाफ पांढरी दिसते. मग महागणपतीच्या दर्शनाला निघालेले लोक गाडीच्या काचा वर करतात, नाकाला रुमाल लावतात आणि पोरांना सांगतात, "बघ, याला म्हणतात प्रदूषण." ते प्रदूषण नसतं, पाणी असतं. गावाचं नावच रांजणगाव आहे. तिथं एवढा मोठा रांजण पाझरत असला तर कुणी नाक मुरडू नये.

खरी भानगड पुढं आहे. उडून जाणारं पाणी एकटंच जातं. येताना त्यानं बोअरच्या काळ्या पत्थरातून आणलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सिलिका हे सगळं लटांबर ते खाली टाकीतच ठेवून जातं. एखाद्यानं संन्यास घ्यावा आणि कर्ज धाकट्या भावाच्या नावावर करून हिमालयात जावं, तसला हा प्रकार. गेलेल्याच्या जागी ताजं पाणी घ्यावं लागतं, त्याला मेकअप म्हणतात. ("आज मेकअपलाच दीड तास गेला," असं मी एकदा घरी फोनवर बोललो. ते वाक्य सासरपर्यंत गेलं.) हा मेकअपही आपले क्षार घेऊन येतो आणि पाणी उडालं की तेही मागेच राहतात. असं दिवसेंदिवस चाललं की टॉवरमधलं पाणी घट्ट होत जातं. मेकअपमध्ये क्लोराइड लिटरला ६० मिलिग्रॅम आणि टॉवरमध्ये २४०, तर पाणी चारपट घट्ट झालं. आमच्या भाषेत, चार सायकलचं पाणी.

हे क्षार नुसते बसून राहिले असते तरी चाललं असतं. पण कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव उफराटा. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा गरम पाण्यात कमी विरघळतो. म्हणजे टाकीत, पाइपात, गारव्याला हा गुपचूप असतो, आणि कंडेन्सरच्या ज्या नळीत उष्णता खेळती राहावी म्हणून लाखो रुपये घातलेले असतात, नेमका तिथंच ठाण मांडतो. माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून त्याचा एक तुकडा आहे. शंकरपाळ्याएवढा, मळकट पांढरा, एका बाजूनं नळीची गोलाई घेतलेला, कडेनं पाहिलं तर थरावर थर. मी नोकरीला लागायच्या आधीच्या एका उन्हाळ्यात तो कंडेन्सरमधून निघाला. थंडावा पुरवणारा चिलर दाब वाढून बंद पडून पडून दमला, तेव्हा मामांनी आठ दिवस लांब सळईला ब्रश बांधून नळ्या घासल्या. बाळाची दुधाची बाटली घासतात तशा, फक्त बाटल्या काहीशे आणि बाळ दीड टन वजनाचं. त्या आठ दिवसांचा विषय निघाला की मामा अजूनही उजवा खांदा चोळतात.

यावर उपाय एकच. घट्ट झालेलं थोडं पाणी सतत सोडून द्यायचं. हा ब्लोडाऊन. गणित सोपं आहे: जेवढं पाणी उडतं त्याला सायकलमधून एक वजा करून भागायचं. पाच भागिले तीन, म्हणजे तासाला पावणेदोन घनमीटरच्या आतबाहेर. दिवसाला चार टँकर पाणी गटारात. व्हॉल्व्हच्या चाकावर याचं माप पाव आटा.

किती सोडायचं हे ठरवायला पाणी जोखावं लागतं. माणसं जोखणारे गल्लोगल्ली असतात, त्यांना काचेची भांडी लागत नाहीत. मला लागतात. जडपणा पाहायचा तर चंचुपात्रात पन्नास मिलिलिटर पाणी, त्यात डोळ्यांतून पाणी काढणारं अमोनियाचं बफर, चिमूटभर काळपट पूड, की पाणी होतं द्राक्षासवासारखं लाल. मग वरून ब्यूरेटमधून थेंब थेंब ईडीटीए. लाल, लाल, लाल, जांभळट, आणि एका थेंबासरशी निळं. त्या एका थेंबावर आमचा धंदा चालतो. ऐन जांभळटावर थांबलात तर आकडा कमी, निळं झाल्यावर दोन थेंब पुढं गेलात तर जास्त. वीस वर्षं हा खेळ खेळून माझी नजर अशी बसली आहे की, दिवाळीत साडीच्या दुकानात बायकोनं एक साडी उलगडून "कशी वाटते?" विचारलं, तर माझ्या तोंडून गेलं, "अजून एक थेंब हवा." दुकानदारानं घाबरून पदर तपासला.

क्लोराइडची तपासणी याहून घातकी. तिथं पिवळ्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट सोडायचं, आधी दुधासारखा पांढरा साका येतो आणि शेवटी पाणी विटकरी रंगावर येतं. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की तेव्हा काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात बोट काळं पडतं आणि साबण, लिंबू, चिंच, बायकोची बोलणी यांपैकी कशानंही निघत नाही. उजव्या हातानं चंचुपात्र हलवायचं आणि डाव्या हातानं ब्यूरेटची चावी फिरवायची अशी पद्धत असल्यामुळे डाग पडतो तो नेमका डाव्या हाताच्या तर्जनीवर.

आता लोकशाहीचा आणि माझा संबंध लक्षात घ्या. मतदानाची शाईही सिल्व्हर नायट्रेटचीच असते. म्हैसूरच्या कारखान्यात बनते, १९६२च्या निवडणुकीपासून वापरात आहे, आणि लावतात तीही डाव्या तर्जनीवर. एका विधानसभेला मी रांगेत तासभर उभं राहून टेबलापाशी पोचलो. बाईंनी माझं बोट धरलं, उलटंपालटं केलं आणि शेजारच्यांना म्हणाल्या, "सर, हे गृहस्थ देऊन आलेत." मी सांगितलं, हा टॉवरच्या पाण्याचा डाग आहे. त्यांनी विचारलं, कुठल्या पक्षाचा टॉवर? क्लोराइड, मोहर पद्धत, पिवळ्याचं विटकरी होणं असं सगळं केंद्राध्यक्षांना समजावलं. मागची रांग तोवर शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. शेवटी त्यांनी जुन्या डागाशेजारी नवा डाग लावून मला मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "साहेब, तुमचं ब्लँक रीडिंग आधीच जास्त हाय."

पाणी नुसतं मोजून भागत नाही, त्याची पत्रिकाही मांडावी लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक लँगेलिअर यांनी १९३६ साली ती मांडून दाखवली. पीएच, कॅल्शियम, अल्कलिनिटी, तापमान आणि एकूण क्षार हे पाच ग्रह घ्यायचे आणि एक आकडा काढायचा. आकडा अधिक आला तर हे पाणी खपली धरणार. उणे आला तर लोखंड खाणार. शून्य आला तर छत्तीस गुण जुळले. हे पुरेसं वाटलं नाही म्हणून १९४४मध्ये रायझनर यांनी त्याच ग्रहांवरून दुसरी पत्रिका काढली. म्हणजे पहिल्या गुरुजींनी नाही म्हटलं, तर दुसऱ्यांकडं जायची सोय तिथंही आहे. त्यातला मुख्य ग्रह जो पीएच, त्याचा जन्म मात्र १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत झाला. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची. पाण्याची पारख दारूवाल्यांनी शिकवावी, हे आपल्या दूधवाल्यांना नक्की पटेल.

पत्रिकेवरून प्रांतही ओळखता येतो. देशावरचं बोअरचं पाणी जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही, बादलीला पांढरं किटण. बसलं की हलत नाही, पण वाईटही काही करत नाही, फक्त थर धरतं. कोकणातलं पावसाचं पाणी मऊ. साबण लावला की धुवून निघता निघत नाही. दिसायला स्वच्छ, बोलायला गोड, आणि लोखंडाचा पाइप कधी पोखरला ते कळतही नाही. हे निदान मी एकदा मामांसमोर केलं. मामा राजापूरकडचे. त्यांनी शांतपणे बिडी विझवली आणि म्हणाले, "साहेब, बाराव्या वर्षापासून देशावर हाय मी. आता थर धरलाय."

झीज किती होते ते पाहायला पाण्यात लोखंडाच्या छोट्या पट्ट्या टांगून ठेवतात. महिना-दोन महिन्यांनी काढायच्या, घासायच्या, वजन करायचं, जेवढं घटलं त्यावरून वर्षाला इंचाचे किती हजारांश खाल्ले ते काढायचं. या पट्टीला कूपन म्हणतात. नवा सुरक्षारक्षक आला, तेव्हा केमिकलवाल्या कंपनीचा पोरगा गेटवर म्हणाला, "चार कूपनं आणलीत." रक्षकानं त्याला कॅन्टीनकडं पाठवलं. कॅन्टीनवाल्यानं पट्टी दातानं चावून पाहिली आणि "नवीन आलीत का?" म्हणत चार थाळ्या दिल्या. पोरगा जेवून आला. झीज त्या महिन्यात आमच्या कॅन्टीनची झाली.

हा केमिकलवाला पोरगा महिन्याला एकदा पेटी घेऊन येतो. खपली धरू नये म्हणून फॉस्फोनेट, गंज चढू नये म्हणून जस्त-फॉस्फेटची मात्रा, आणि जंतूंसाठी दोन औषधं. सोमवारी क्लोरीनचं, गुरुवारी दुसरं. एकच औषध रोज दिलं तर जंतू त्याला सरावतात, जसे विद्यार्थी एकाच मास्तरच्या ओरडण्याला सरावतात. हा भाग चेष्टेचा नाही. १९७६च्या जुलैत अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचा मेळावा भरला होता. तिथून घरी गेलेले लोक न्यूमोनियानं आजारी पडू लागले आणि त्यांपैकी २९ जण दगावले. पुढच्या जानेवारीत जंतू सापडला, त्याला लिजनेला हे नाव पडलं. संशय गेला वातानुकूलनाच्या पाण्यावर, कारण कोमट पाणी, शेवाळ आणि बारीक तुषार ही त्या जंतूची सासुरवाडीच. तेव्हापासून टॉवर आणि डॉक्टर यांची ओळख आहे.

जंतू मोजायची आमची पद्धत म्हणजे एक पट्टी पाण्यात बुडवायची आणि दोन दिवस उबेत ठेवायची. जंतू असतील तर तिच्यावर लालसर ठिपके उमटतात. आमच्याकडं उबेचं कपाट नाही. मामा ती पट्टी कंप्रेसरच्या मोटरीवर फडक्यात गुंडाळून ठेवतात, अंडी उबवावी तशी. पण त्यांचा स्वतःचा भरवसा पट्टीवर नाही, बेडकांवर आहे. "टाकीत बेडूक हायत, म्हणजे पाणी निर्मळ." मी त्यांना किती वेळा सांगितलं, मामा, बेडूक आहेत याचा अर्थ औषध सोडणारा डोसिंग पंप बंद आहे. एका सोमवारी मी स्वतः उभं राहून क्लोरीन सोडायला लावलं. दुपारी चार बेडूक टाकीच्या काठावर ओळीनं येऊन बसले आणि माझ्याकडं पाहत राहिले. मामा म्हणाले, "बघा, युनियन आली."

मामांच्या लॉगशीटबद्दल काही सांगणं कठीण आहे, कारण तिच्यात कधीच काही घडत नाही. रात्री दहाला पीएच ७.८, बाराला ७.८, दोनला ७.९, चारला ७.८. एकाच पेनानं, एकाच दमात, एकाच उतरत्या रेघेत. एकदा टाकी साफ करायला काढली होती. पंप बंद, पाणी संपूर्ण उपसलेलं, तळाला दोन पोरं खराटा घेऊन उतरलेली. सकाळी मी लॉगशीट पाहिली. रात्रभर ७.८.

"मामा, टाकीत पाणीच नव्हतं."

मामांनी शीट हातात घेतली, चष्मा कपाळावर ढकलून नीट पाहिली आणि म्हणाले, "असतं तर तेवढंच आलं असतं, साहेब."

मी दुसऱ्या दिवशी तपासलं. ७.८ आलं.

आता मूळ कथेकडं येतो. एका वर्षी उन्हाळा कडक गेला. बोअरचं पाणी कमी झालं, टँकर सुरू झाले. टँकरवाला रोज सांगायचा, "एकदम गोड पाणी, साहेब," आणि माझ्या चंचुपात्रात ते निळं व्हायला ब्यूरेट रिकामी व्हायची. त्या वर्षी नवे प्लँट हेड आले. त्यांनी फेरी मारली, पाइपातून गटारात पडणारी धार पाहिली आणि विचारलं, "हे काय?"

"ब्लोडाऊन, सर. दिवसाला चार टँकर."

"चार टँकर? गटारात? बंद करा."

मी सायकल समजावली, माठ समजावला, टेबलावरचा पेपरवेट आणून हातात दिला. त्यांनी तो खालीवर करून पाहिला, "छान आहे," म्हणाले, आणि व्हॉल्व्ह बंद झाला. चाकाला लाल फीत बांधली. त्यावर "उघडू नये" अशी चिठ्ठी.

मी घाबरून हिशेब मांडला. टॉवर आणि पाइप मिळून दीडशे घनमीटर पाणी. रोज १२० घनमीटर उडणार, म्हणजे तेवढाच मेकअप येणार, त्यातून रोज ७.२ किलो क्लोराइड आत. बाहेर जायला वाट नाही. म्हणजे रोज ४८नं वाढ. आठवड्यात आकडा पावणेसहाशेला जाणार. मी रोज तपासू लागलो. पहिल्या दिवशी २४०. दुसऱ्या दिवशी २४५. चौथ्या दिवशी २३८. आठवड्यानं २४२.

मी हादरलो. क्लोराइड काही सोन्याची साखळी नव्हे की कुणी काढून न्यावी. सिल्व्हर नायट्रेट जुनं झालं असेल म्हणून नवं बनवलं. पाण्यात मीठ वजन करून टाकून पाहिलं, बरोबर उत्तर आलं. डोळे तपासून घेतले, नंबर तोच. मेकअपच्या मीटरवरून काही कळलं असतं, पण ते दोन वर्षांपूर्वी बंद पडलं होतं आणि दुरुस्तीची फाइल पर्चेसमध्ये थर धरत होती. इकडं साहेब खूश. "पाहिलंत? काही होत नाही. तुम्ही केमिस्ट लोक उगाच घाबरवता." महिन्याच्या बैठकीत त्यांनी पडद्यावर टँकरची चित्रं दाखवली, रोज चार टँकरची बचत. त्यांना प्रमाणपत्र मिळालं. टाळ्या वाजवताना माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: कुठंतरी पाणी मुरतंय.

मराठीत हे वाक्य लोक संशयापुरतं वापरतात. मी ते शब्दशः घेतलं आणि एका रात्री न सांगता बारा वाजता कारखान्यात गेलो. टॉवरखाली कोणी नव्हतं. व्हॉल्व्हची लाल फीत शहाण्यासारखी घडी करून शेजारच्या पाइपावर ठेवली होती. चाकाला हात लावला. चांगलं पाऊण आट्यावर. रात्रीच्या सात-आठ तासांत दिवसभराचं सोडायचं तर तेवढंच लागतं. बहुतेक धार नेहमीच्या वाटेनं गटाराकडं चालली होती, पण तिला मध्ये एक नळी जोडलेली. नळीच्या मागोमाग मी टॉवरच्या पाठीमागं गेलो. कंपाउंडच्या भिंतीलगत पाच नारळाची झाडं उभी होती, आणि पाचव्याच्या आळ्यात नळी धरून मामा.

"मामा!"

"या, साहेब." जणू मी चहाला आलो होतो. "ही रोपं मीच गावावरनं आणली, टॉवर बांधला त्या साली. नारळाला खारं पाणी मानवतं. आमच्याकडं आळ्यात मीठ घालतात. इथं आयतंच हाय."

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. क्लोराइड हे नारळाचं खरोखरच अन्न आहे. पण माझा प्रश्न झाडांचा नव्हता.

"साहेबांनी बंद करायला सांगितलंय ना?"

"सांगितलंय की. म्हणून दिवसा बंदच असतो." मामांनी नळी शेजारच्या आळ्यात टाकली. "ते सांगून जातील, साहेब. नळ्या घासायला कोण जाणार?" आणि उजवा खांदा चोळला.

"औषधाचं पाणी घालता झाडांना?"

"छे. सोमवार आणि गुरुवार झाडांना उपास."

मी तिथंच आळ्याच्या कडेवर बसलो. गेले वीस दिवस मी थेंब थेंब मोजून जो आकडा शोधत होतो, तो हा माणूस अंधारात, हातानं चाक फिरवून दोनशेचाळीसवर धरून होता. तीन टक्केही चूक नाही. मी विचारलं, "किती सोडायचं ते कसं कळतं तुम्हांला?"

"बोटाला लागतं. घट्ट झालं की पाणी बोटावरनं जड उतरतं."

मी आत जाऊन लॉगशीट पाहिली. ब्लोडाऊनच्या रकान्यात रात्रभर, एकाच पेनानं, एकाच दमात: बंद, बंद, बंद. खाली मी सही केली.

पावसाळ्यानंतर पर्यावरणाच्या तपासणीला लोक आले. त्यांनी टॉवरमागचे नारळ पाहून प्लँट हेडना विचारलं, एवढ्या उन्हाळ्यात झाडं इतकी हिरवी कशी ठेवली? साहेब म्हणाले, "पाण्याचं नियोजन." अहवालात तसंच छापून आलं.

गेल्या मार्चमध्ये मामा निवृत्त झाले. कॅन्टीनमध्ये समारंभ झाला. प्लँट हेडनी पाणी वाचवण्याच्या मोहिमेतल्या मामांच्या सहकार्याचा खास उल्लेख केला, मामांनी मान खाली घालून तो घेतला. शाल पर्चेसनं आणली होती. श्रीफळ मात्र मी आणलं होतं, पाचव्या झाडाचं. मामांनी ते ओंजळीत घेतलं, सवयीनं कानाशी नेऊन हलवलं, माझ्याकडं पाहिलं आणि माइकपासून तोंड बाजूला करून म्हणाले, "साहेब, चार सायकलचं हाय."

त्या रात्री मी एकटाच थांबलो. बाराच्या सुमाराला केबिनमध्ये परत आलो, लॉगशीट पुढं ओढली आणि ब्लोडाऊनच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: बंद. मग फडकं शोधून हाताचं ग्रीस पुसलं. शुक्रवार होता, झाडांचा उपास नव्हता.